चिंचवड ते चाकण : एका रस्त्याचा इतिहास

युरोपांतील एखादा देश मोटारीनें हिंडून पाहावा, ही हौस आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतही आतां बरीच रुजली आहे. जर्मनीचेंच उदाहरण घ्या. ऱ्हाइनकांठचे किल्ले, बव्हेरियांतील डोंगर, उत्तरेकडील बंदरें हीं पाहून आलेला प्रवासी सांगतो कीं, थोडी वाट चाललें कीं देश पालटतो. ह्याचें कारण इतिहासांत आहे. १८७१ पर्यंत जर्मनी हें एक राज्य नव्हतें. तो लहानमोठ्या संस्थानांचा समूह होता, व अनेक संस्थानांनीं आपापलें विद्यापीठ, आपापली रंगभूमि जोपासली. तेथील वैविध्य असें शेजारीं शेजारीं मांडलेलें आहे.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, तसें वैविध्य आपल्या दाराशींही आहे. मात्र तें एकावर एक रचलेलें असल्यामुळें धांवत्या मोटारींतून दिसत नाहीं. चिंचवडहून भोसरी, मोशीवरून चाकणला जाणारा रस्ता फार तर वीस-पंचवीस किलोमीटरांचा. गेल्या सुटींत आम्हीं तो मुद्दाम थांबत थांबत आक्रमिला.

आरंभीं चिंचवड. पवनेच्या कांठीं मोरया गोसावींची समाधि आहे. ह्याच गांवचे दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे चापेकर बंधु. प्लेगच्या बंदोबस्तांतील जुलुमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्रीं पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढील दोन वर्षांत तिघेही भाऊ फांसावर चढले. देवभक्ति व देशभक्ति एकाच गल्लींत नांदत होत्या, हें येथें उमगतें.

शेजारची पिंपरी निराळीच. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं येथें पुन्हा संसार थाटले. १९५४ मध्यें पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला; मागाहून मोटारींचे व स्कूटरांचे कारखाने आले. १९७० मध्यें पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली व १९८२ मध्यें महानगरपालिका. आजोबा नांगर धरीत, मुलगा पाळीवर जाई, नातू संगणकापुढें बसतो, अशीं घरें येथें विरळा नाहींत.

मोशीच्या पुलावर आम्ही अंमळ थांबलों. खालून इंद्रायणी वाहते. वरच्या अंगास देहू, खालच्या अंगास आळंदी. तुकोबा आणि ज्ञानोबा ह्यांच्यामध्यें आपण उभे असतों. परंतु त्याच नदींत शहराचें व कारखान्यांचें सांडपाणी मिसळून आळंदीच्या घाटापाशीं पाण्यावर फेंस तरंगलेला अनेक वर्षें दिसत आला आहे. ज्या पाण्यास आपण तीर्थ म्हणतों, त्याची ही दशा पाहून मान खालीं जाते.

शेवटीं चाकण. येथील संग्रामदुर्ग हा भुईकोट. ना डोंगराचा आधार, ना रानाचा आडोसा. १६६० च्या जूनमध्यें शाइस्तेखानानें त्यास वेढा घातला, तेव्हां शिवाजीमहाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यांत अडकले होते. मदतीची आशा नसतां किल्लेदार फिरंगोजी नरसाळा ह्यानें सुमारें पंचावन्न दिवस किल्ला झुंजविला. अखेर मोंगलांनीं सुरुंग लावून बुरूज उडविला, आणि ऑगस्टमध्यें किल्ला गेला. खानानें देऊं केलेली चाकरी मात्र फिरंगोजीनें नाकारली. हा पराभव खरा. परंतु मोकळ्या मैदानांतील एवढ्याशा कोटासाठीं इतके दिवस खर्चावे लागले, तर सह्याद्रीच्या गडांसाठीं किती लागतील, हा प्रश्न त्यानें शत्रूपुढें उभा केला.

आज तेथें तटाबुरुजांचे अवशेष व खंदकाचा कांहीं भाग उरला आहे, आणि भोंवतीं वस्ती दाटली आहे. योगायोग असा कीं, २००९ मध्यें जर्मनीच्याच दोन मोटार कंपन्यांचे कारखाने ह्या चाकणच्या परिसरांत सुरू झाले. ऱ्हाइनचे किल्ले ज्यांनीं जपले, त्यांची विद्या आपण उचलली. जपण्याची त्यांची संवय तेवढी मागें राहिली.

कारखाने नकोत असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं सहस्रावधि घरांत चुली पेटविल्या आहेत. परदेशीं जाऊं नये असेंही नाहीं. परंतु दूरच्या किल्ल्यापुढें मुलांस उभें करून छायाचित्र काढण्यापूर्वीं, एका रविवारीं त्यांस चाकणच्या पडक्या बुरुजाशीं न्यावें, व तेथें कोण लढला तें सांगावें. ज्यास घरच्या रस्त्याचा इतिहास वाचतां येतो, त्यालाच परक्या देशाचा रस्ताही वाचतां येतो.