मराठी, माइक आणि विंडोज

१९९७मध्ये ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आणि आयबीएमचं व्हायाव्हॉइस बाजारात आलं. शब्दाशब्दाला न थांबता कॉम्प्युटरला मजकूर सांगता येऊ लागला. अर्थात, इंग्रजीत.

मराठीचं घोडं आवाजाच्या आधीच, अक्षरांपाशी अडलं होतं. विंडोज एक्सपीत देवनागरीची सोय होती, पण बंद. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन टिकमार्क करायचा आणि मूळ सीडी घालायची, तेव्हा ती सुरू व्हायची. सीडी सापडली नाही की जोडाक्षरं फुटलेलीच. ज्याला ‘क्ष’ धड दाखवता येत नाही, त्यानं तो ऐकून करायचं काय?

२००७मध्ये व्हिस्टा आलं. देवनागरी आपोआप चालू, शिवाय बोललेलं ओळखणारं सॉफ्टवेअरही आतच. पण इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी आणि चिनीसाठी. जुन्या डिक्टेशन सॉफ्टवेअरची मात्र पंचाईत झाली. असं सॉफ्टवेअर माइक ऐकतं आणि दुसऱ्याच प्रोग्रामच्या खिडकीत अक्षरं टाकतं. व्हिस्टानं आवाजाची यंत्रणा नव्यानं लिहिली होती. वर, अ‍ॅडमिनच्या हक्कानं चालणाऱ्या खिडकीत साध्या प्रोग्रामला काही टाकता येणार नाही, असा नियम केला. चोरासाठी लावलेली कडी घरच्यालाही लागली. इंजिनीअर म्हणून मला तो नियम पटतो. पण ज्यांचे हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी अपग्रेड ही नुसती गैरसोय नव्हती.

मराठीला वाट सापडली ती डेस्कटॉप सोडून. माझ्या माझगावापासून फार लांब नाही, त्या कुलाब्यातल्या टीआयएफआरनं आणि पवईच्या आयआयटीनं शेतमालाचे भाव फोनवर मराठीत विचारता यावेत म्हणून काम केलं. त्यासाठी गावोगावच्या शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले. फोन लावा, पिकाचं नाव बोला, भाव ऐका. शेतकऱ्याच्या हातात कुठलाही फोन असो, ओळखायचं काम सर्व्हरवर. तिथं कंपॅटिबिलिटीचा प्रश्नच उरत नाही. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात हुशार चाल, आणि तिचं नाव कुणी फारसं घेत नाही.

ऑगस्ट २०१७मध्ये गूगलनं बोलून टाइप करायच्या भाषांत मराठी घेतली, तीही याच धर्तीवर. तुमच्या कीबोर्डवरचा माइक दाबून ‘डॉकयार्ड रोड’ म्हणा, बहुतेक बरोबर उमटेल.

२०२२मध्ये आलेलं व्हिस्पर मराठी ओळखतं आणि डाउनलोड करून नेट बंद ठेवूनही चालतं. फक्त छोटं मॉडेल मराठीत फार चुकतं आणि मोठं माझ्या लॅपटॉपला दमवतं. एक्सपीवाल्या जुन्या मशीनवर तर ते चालवायचा विचारही करू नका.