‘चिपिंग’ शब्दाची साक्ष

ग्लॉस्टरशायरमधील चिपिंग कॅम्डन या गावाच्या नावातील ‘चिपिंग’ हे पद प्राचीन इंग्रजीतील बाजारवाचक शब्दापासून आलेले आहे. लंडनचे ‘चीपसाइड’ त्याचेच सगोत्र. चौदाव्या शतकात लोकरीने हे गाव संपन्न केले. विल्यम ग्रेव्हेल (मृत्यू १४०१) याच्या थडग्यावरील पितळी पत्र्यावर त्यास अखिल इंग्लंडातील लोकर-व्यापाऱ्यांचे पुष्प म्हटले आहे. लोणी, चीज विकणाऱ्यांसाठी बॅप्टिस्ट हिक्सने १६२७ मध्ये बांधलेला दगडी मंडप अद्याप उभा आहे. पुढे व्यापार ओसरला आणि जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसा उरला नाही. आज प्रवाशांस मोहविणारे सौंदर्य, आमच्या मते, या दैन्याचेच अपत्य होय. १९०२ साली ॲशबीने लंडनचे कारागीर आणून बसविले, तेही एका ओस पडलेल्या रेशीमगिरणीत! आनंद कुमारस्वामींचा मध्ययुगीन सिंहली कलेवरील ग्रंथ १९०८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याची छपाई शेजारच्या ब्रॉड कॅम्डनची.