दुभंगलेल्या घरातील लेकरे आणि कायदा

पती-पत्नी विभक्त झाली म्हणजे लेकरांचे काय, हा प्रश्न आपल्या कॅथलिक कुटुंबांत दबक्या आवाजातच निघतो. विवाहसंस्कार अतूट, मग पुढची चर्चा कशाला, असे आपण म्हणतो. वास्तविक ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेतील 1154 वा नियम विभक्त पती-पत्नींनाही मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची तरतूद करावयास सांगतो.

सरकारी कायद्याचा इतिहास मात्र आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्याने मुलांचा ताबा, पालनपोषण व शिक्षण यांविषयी हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. पण अज्ञान मूल कोणते, हे ठरवताना पंक्तिप्रपंच केला. इतरांची अविवाहित मुले अठरा वर्षांपर्यंत अज्ञान. 'नेटिव्ह' पित्याचा मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अवघ्या तेरापर्यंत! म्हणजे दोंडाईच्यातील एखाद्या ख्रिस्ती मुलीला चौदावे लागले, की तिच्या शाळेच्या खर्चाकडे हा कायदा पाठ फिरवी.

मार्गही लांबचा. दावा धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात, आणि घटस्फोटाच्या निवाड्यास मुंबई उच्च न्यायालयाची मंजुरी. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होई. पत्नीला बहुधा त्याच्या जोडीला क्रौर्य वा परित्यागही सिद्ध करावा लागे. गरीब आईला त्यापेक्षा दंडाधिकाऱ्यांकडे पोटगी मागणे सोपे. परंतु 1973 च्या फौजदारी संहितेनेही पोटगीची कमाल मर्यादा दरमहा 500 रुपयेच ठेवली. महागाई कोठे गेली आणि हा आकडा कोठे राहिला! महाराष्ट्राने 1999 साली तो 1500 केला. 2001 साली संसदेने मर्यादाच काढून टाकली.

घटस्फोटाच्या कारणांतील स्त्री-पुरुष भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये घटनाबाह्य ठरवला, आणि 2001 साली संसदेने मूळ कायदाच सुधारला. मुलांच्या खर्चाचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, हेही त्याच वर्षी ठरले. 1890 च्या पालकत्व कायद्यात पित्याच्या जोडीला मातेचा उल्लेख येण्यास मात्र 2010 उजाडले.

मुलाचा ताबा दोघांकडे संयुक्तपणे देता यावा, अशी शिफारस विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात केली. तसा कायदा संसदेने अद्याप केलेला नाही. आईवडील आपसांत समजुतीने ठरवतील तेवढेच. एरवी लेकराने रविवार कोणाकडे काढावा, हे न्यायाधीशांच्या विवेकावर सोपवलेले आहे.