सलोतरी, बैतार आणि रात्रपाळी

उर्दूत घोड्यांच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणतात. वर्गात हा शब्द आला की मी मुलांना विचारतो, सांगा, हा कुठून आला असेल? बहुतेक जण फारसी म्हणतात, एखादा अरबी म्हणतो. खरं तर तो संस्कृत आहे. शालिहोत्र नावाच्या प्राचीन आचार्याच्या नावाने घोड्यांच्या वैद्यकाचं शास्त्र ओळखलं जायचं. त्या शास्त्राचे फारसीत अनुवाद झाले, ‘शालिहोत्र’चं ‘सालोतर’ झालं आणि ते शास्त्र जाणणारा तो सलोतरी. जुन्या मराठीतही ‘सालोत्री’ आहेच. शाहजहानच्या काळात अब्दुल्ला खान फिरोज जंग या सरदाराच्या नावावर असा एक फारसी ग्रंथ तयार झाला. तो जोसेफ अर्ल्सने इंग्रजीत आणला आणि 1788 साली कलकत्त्यात छापला गेला. इंग्रजी शीर्षकातही ‘सालोतर’ हा शब्द तसाच राहिला. एक शब्द तीन भाषा फिरून आला, तरी त्याचं काम तेच राहिलं: मुक्या जनावराचं दुखणं ओळखणं.

सआदत यार खान ‘रंगीन’ हे उर्दू साहित्याच्या विद्यार्थ्याला रेख्तीचे शायर म्हणून माहीत असतात. याच शायराने घोड्यांवर ‘फरसनामा’ही लिहिला आहे. घोड्याची लक्षणं, त्याचे दोष, आजार आणि इलाज हे सगळं त्यात आहे. फिलॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1911 मध्ये त्याचा अनुवाद प्रसिद्ध केला. आपल्या पाठ्यपुस्तकांत गझला येतात, फरसनामा येत नाही. त्यामुळे आपल्या भाषेत जनावरांच्या वैद्यकाचीही परंपरा होती, हे आपल्याच मुलांना कळत नाही.

अरबीतला शब्द ‘बैतार’. मूळ ग्रीक, म्हणजे घोड्यांचा वैद्य. हा शब्द अरबांबरोबर स्पेनमध्ये गेला आणि तिथे ‘अल्बेइतार’ झाला. कैरोचा मामलुक सुलतान अल-नासिर मुहम्मद याच्या तबेल्यातल्या अबू बक्र इब्न बद्र या बैताराने चौदाव्या शतकात घोड्यांच्या आजारांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो ‘किताब अल-नासिरी’ या नावाने ओळखला जातो. वनौषधींचा जगप्रसिद्ध जाणकार इब्न अल-बैतार स्पेनमधल्या मालागाचा. 1248 साली तो दमास्कसमध्ये वारला. त्याच्या नावाचा सरळ अर्थ ‘जनावरांच्या वैद्याचा मुलगा’. ही ओळख लपवण्यासारखी कुणाला वाटली नव्हती. युरोपातलं पहिलं पशुवैद्यक विद्यालय फ्रान्समधल्या लियाँ शहरात निघालं ते 1761-62 मध्ये, म्हणजे या मंडळींनंतर कित्येक शतकांनी.

तबेल्यातली माणसं

वैद्य एकटा काही करू शकत नाही. हे सर्वात नेमकं कुणी नोंदवलं असेल तर अबुल फजलने. ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही तबेल्यातल्या नोकरांची रीतसर यादी आहे. सर्वात वर आतबेगी, म्हणजे सगळ्या घोड्यांचा प्रमुख. त्या वेळी हे पद खान-ए-खानान, म्हणजे अब्दुर्रहीम यांच्याकडे होतं. त्यांच्याखाली दारोगा, हिशेब ठेवणारा मुशरिफ, स्वार, साईस. मग बैतार. मग नालबंद, खोगिरं सांभाळणारा जीनदार, पाणी आणणारा आब-कश, झाडलोट करणारा खाक-रोब. दृष्ट लागू नये म्हणून धुरी देणारा सिपंद-सोजसुद्धा या यादीत आहे.

मला ही यादी दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते. पहिलं, राज्याच्या सर्वात मोठ्या दस्तऐवजात झाडूवाल्याचं काम हे ‘काम’ म्हणून नोंदवलं गेलं. दुसरं, नाव मात्र फक्त आतबेगीचं आहे. रात्री पोटशूळ उठलेल्या घोड्याजवळ जागणारा बैतार कोण होता, पाणी कोणी आणलं, हे इतिहासाला माहीत नाही. आपल्याकडच्या बहुतेक कष्टकऱ्यांच्या इतिहासाचं असंच झालं आहे. कामाची नोंद उरली, माणूस गेला.

त्या यादीतला एक शब्द आपल्या महाराष्ट्रात आजही जिवंत आहे, आडनाव म्हणून. नालबंद. कितीतरी मराठी मुस्लिम घरांच्या दारावर ही पाटी दिसते. घोड्याला नाल ठोकणं आणि बैलाला पत्री मारणं हा त्यांचा धंदा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला दोन पत्र्या. एका बैलाच्या आठ. दोरीने पाय बांधून, जनावर आडवं पाडून, खूर तासून, जिवंत भागाला खिळा लागू न देता पत्री बसवायची. खुरातला पू, खडा रुतून झालेली जखम, चालीतला फरक हे सगळ्यात आधी नालबंदालाच दिसायचं. घाटाच्या रस्त्यावर गाड्या ओढणाऱ्या बैलांचं तर सगळं आयुष्यच खुरावर. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यात म्हसा गावची पौष पौर्णिमेची यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत पिढ्यानपिढ्या हिंदू शेतकऱ्याचा बैल आणि मुसलमान नालबंदाचा हात एकत्र आलेला आहे. ही गोष्ट भाषणात सांगितली जात नाही, कारण ती तेव्हा कुणाला सांगण्यासारखी वाटतच नव्हती. रोजचं काम होतं ते.

सलोतरीचा डॉक्टर झाला

इंग्रजांच्या फौजेला घोडे हवे होते, म्हणून पशुवैद्यकही हवं होतं. 1877 मध्ये उत्तरेत बाबूगढला आणि 1882 मध्ये लाहोरला पशुवैद्यक शिक्षण सुरू झालं. लाहोरचं शिक्षण उर्दूतून होतं. फौजेत देशी सहायकाला ‘सलोतरी’च म्हणत. म्हणजे पदवी जुनी राहिली, पण तिची जागा खाली सरकली. ग्रंथ लिहिणारा सलोतरी आता गोऱ्या साहेबाच्या हाताखालचा मदतनीस झाला.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. 1832 मध्ये रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगा झाला, त्यात पारशी पुढे होते. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेदजी जीजीभॉय आणि गुजराती-जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. पण पांजरापोळ हा आसरा होता, दवाखाना नव्हता. 1874 मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि त्याच वर्षी प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्थाही निघाली. ट्राम कंपनीकडे सुमारे 900 घोडे असत. त्याशिवाय व्हिक्टोरिया, बैलगाड्या, रेकले. शहराचं सगळं ओझं जनावरांच्या पाठीवर होतं.

त्यानंतरच्या दशकात सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी परळला जनावरांच्या रुग्णालयासाठी देणगी दिली. त्यांच्या पत्नीच्या नावाने ते ‘बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय’ झालं. त्याच आवारात 1886 मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. जॉन हेन्री स्टील हे पहिले प्राचार्य. इथे शिक्षण इंग्रजीतून होतं. आज हे महाविद्यालय नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. परळचं रुग्णालय आजही चालू आहे.

या संस्थांनी केलेलं काम छोटं नाही. बुळकांडी नावाचा रोग गावोगावची गुरं संपवायचा. 1871 मध्ये त्यावर सरकारी आयोगाचा अहवाल आला, 1889 मध्ये पुण्यात संशोधनाची प्रयोगशाळा निघाली आणि पुढे ती मुक्तेश्वरला गेली. 2011 मध्ये जगाने हा रोग संपल्याचं जाहीर केलं. देवीनंतर पूर्णपणे नष्ट झालेला हा दुसराच रोग. यामागे शास्त्रज्ञ होतेच. पण पायी पाड्यापाड्यावर जाऊन, म्हशीची वेसण धरून लस टोचणारे हातही होते. त्यांचीही नावं कुठे नाहीत.

महालक्ष्मीची रात्र, कसाऱ्याची रात्र

1 जुलै 2024 रोजी मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. पाच मजले, सुमारे 200 जनावरांची सोय, 165 कोटी रुपयांचा खर्च आणि दार चोवीस तास उघडं. कुत्री, मांजरं, ससे यांच्यासाठी अतिदक्षता विभागही. रतन टाटा त्यानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये गेले. पेटिटांपासून टाटांपर्यंत मुंबईच्या पारशी दातृत्वाची ही एक सरळ ओळ आहे आणि तिचं मोकळेपणाने कौतुक करायला हवं.

अशा रुग्णालयात रात्री काय चालतं? गाडीखाली आलेलं कुत्रं येतं, उंदराचं औषध खाल्लेलं मांजर येतं. आधी कोणाला घ्यायचं हे ठरवावं लागतं, आणि पेशंट बोलत नाही. हिरड्यांचा रंग, श्वास आणि नाडी बघून काही क्षणांत निर्णय घ्यायचा. घाबरलेलं जनावर चावतं, ओरबाडतं, म्हणून एकाने धरायचं, दुसऱ्याने सुई लावायची. फरशी पुन्हापुन्हा पुसायची. रडणाऱ्या मालकाला पाणी द्यायचं. इलाज नसेल तर तेही सांगायचं. आता अबुल फजलची यादी शेजारी ठेवून बघा. डॉक्टर म्हणजे बैतार, धरणारा वॉर्डबॉय म्हणजे साईस, पाणी आणणारा आब-कश, फरशी पुसणारी बाई म्हणजे खाक-रोब. चारशे वर्षांत यंत्रं बदलली, माणसांची साखळी तीच आहे.

आता कसाऱ्याला या. मध्य रेल्वेची लोकल इथे संपते. 1861 मध्ये रेल्वे इथवर आली आणि थळ घाट फोडून इगतपुरीला जायला आणखी चार वर्षं लागली. आजही घाट चढण्यासाठी गाडीला इथे जादा इंजिन लागतं. या शहापूर तालुक्यातल्या तानसा, भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं. पण मुंबईचा चोवीस तासांचा दवाखाना इथल्या गाईसाठी नाही, आणि तो असू शकतही नाही. गाय लोकलमध्ये बसत नाही.

इथे रात्रीचा दवाखाना म्हणजे एक माणूस आणि एक मोटारसायकल. जिल्हा परिषदेचे दवाखाने आहेत. श्रेणी एकच्या ठिकाणी पशुवैद्यकीय अधिकारी, श्रेणी दोनच्या ठिकाणी पशुधन पर्यवेक्षक. फिरत्या पथकासाठी 1962 हा फोन नंबर सरकारने दिला आहे. पण गाय रात्रीच अडते. वासराचे पुढचे पाय आणि डोकं आधी यायला हवं, एक पाय मागे राहिला की दोघांचा जीव टांगणीला. कोवळा हिरवा चारा जास्त खाऊन पोट फुगलं की डावी कूस ढोलासारखी होते, श्वास कोंडतो आणि हातात घटकाभराचाच वेळ असतो. तिथे योग्य जागी नळी टोचून वायू काढणं हीच शस्त्रक्रिया, मोबाइलच्या उजेडात, गोठ्यातल्या चिखलात. विल्यानंतर कॅल्शियम कमी होऊन आडवी पडलेली गाय शिरेतून सावकाश सलाईन दिलं की उठून उभी राहते. सलाईन घाईने दिलं तर हृदय बंद पडतं. साप चावला तर माणसाला देतात तीच प्रतिविषाची लस द्यावी लागते, आणि ती लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. एका जनावराने दिलेलं दुसऱ्याला वाचवतं.

ज्याच्याकडे एकच दुभती गाय किंवा चार शेळ्या आहेत, त्याच्यासाठी ही रात्र म्हणजे वर्षभराचा हिशेब. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा राज्यभर हे सगळ्यांनी पाहिलं.

एक अवघड प्रश्न

जनावर वाचवायला कधीकधी ते टेम्पोत घालून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं. रात्रीच्या वेळी, महामार्गाने. इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. जून 2023 मध्ये याच घाटाच्या परिसरात, शहापूर तालुक्यात, जनावरं घेऊन जाणाऱ्या मुसलमान तरुणाला जमावाने अडवून मारहाण केली. दोन दिवसांनी त्याचा मृतदेह दरीत सापडला. गुन्हा नोंदला गेला, अटकाही झाल्या. तो खटला न्यायालयाचा विषय. मी फक्त त्यानंतरच्या भीतीबद्दल बोलतो आहे. आज एखाद्या मुसलमान शेतकऱ्याची गाय मध्यरात्री अडली, तर तिला टेम्पोत घालताना त्याच्या मनात पहिला विचार गाईचा येईल की रस्त्याचा? जो विचार गाईला उशिरा दवाखान्यात पोचवतो, तो गाईच्या भल्याचा कसा असेल?

आपल्या बाजूनेही काही बोलू. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाल्याची हदीस आपण सगळे सांगतो. तेराव्या शतकातले शाफिई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांनी तर पुढे जाऊन जनावराचे मालकावरचे हक्क मोजून लिहिले. जनावर म्हातारं झालं, आजारी पडलं, उपयोगाचं राहिलं नाही, तरी त्याचा खर्च करणं मालकाचं कर्तव्य आहे, असं त्यांचं म्हणणं. मग आपल्या मुला-मुलींपैकी किती जण पशुवैद्यक व्हायचा विचार करतात? बारावी विज्ञानानंतर एमबीबीएस नाही मिळालं की आपण खचतो. पशुवैद्यकाची पदवी ही दुय्यम वाटते. बैताराच्या मुलाचं नाव जगाने आठ शतकं लक्षात ठेवलं, आणि आपण मात्र ‘ढोरांचा डॉक्टर’ म्हणून हसतो.

या दहावी-बारावीच्या निकालांनंतर घरात करिअरची चर्चा होईल, तेव्हा हा पर्यायही एकदा समोर ठेवा. आणि तुमच्या गावात, पाड्यात, मोहल्ल्यात रात्री उठून गोठ्यात जाणारं कोणी असेल, पर्यवेक्षक असेल, कंपाउंडर असेल, एखादा जुना नालबंद असेल, तर त्याच्याशी बोला आणि तो सांगेल ते वहीत लिहून ठेवा. अबुल फजलने काम लिहिलं, नावं राहून गेली. ती आपण लिहू शकतो.