दात काढण्याकडून दात राखण्याकडे

खेड्यातील दंतशिबिर म्हटले की दात काढून घेणाऱ्यांची रांग डोळ्यांसमोर येते. सातारा जिल्ह्यातील खंडाळ्यासारख्या गावी स्वयंसेवी दंतवैद्य येणार ते एखाद्या दिवसापुरते. कीड कोरायला विजेवरचे यंत्र हवे, पाणी हवे, दाबाखालची हवा हवी. चिमट्याला यातले काहीच लागत नाही. म्हणून वाचवता येण्याजोगे दातही निघत.

ही अडचण आपल्यापुरती नव्हती. १९८०च्या दशकाच्या मध्यास टांझानियात यो फ्रेंकेन या डच दंतवैद्याने यंत्राविना काम करून पाहिले. हाताच्या कोरणीने फक्त किडून मऊ झालेला भाग खरवडायचा आणि खड्डा सिमेंटने भरायचा, एवढीच ही रीत. पुढे तिला काच-आयोनोमर सिमेंटची जोड मिळाली. ब्रिटनमधील अ‍ॅलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ते १९७२ साली जगापुढे मांडले होते. विशिष्ट काचेची पूड पॉलिअ‍ॅक्रिलिक आम्लात कालवली की मिश्रण घट्ट होते, दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहते. १९९४ साली जागतिक आरोग्य दिनाचा विषय मौखिक आरोग्य हा होता. त्या वेळी जागतिक आरोग्य संघटनेने या रीतीचा पुरस्कार केला.

आपल्याकडे दुसरी वाट निघाली. १६ जुलै १९९१ रोजी ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ ही रुग्णालयगाडी मुंबईहून निघाली. तिच्यात शहरांतील डॉक्टर विनामोबदला शस्त्रक्रिया करू लागले; पुढे दंतोपचारही आले. म्हणजे एका वाटेने यंत्रे गावाकडे नेली, दुसरीने यंत्रांची गरजच काढून टाकली. पण रेल्वे रुळांवरूनच जाणार. खंडाळा तालुक्यात ती लोणंदला भेटते, खुद्द खंडाळ्यात नाही. कोरणी मात्र पिशवीतून कोणत्याही शाळेत पोचते.

तरी शिबिर संपले की दंतवैद्य परततो. खाणे आणि दात घासणे रोजचेच असते. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगी केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मूलभूत दंतसेवेच्या आराखड्यात म्हणूनच तीन गोष्टी एकत्र आल्या : तातडीचा वेदनामुक्तीचा उपचार, परवडणारी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट आणि यंत्राविना दात भरणे.

यात शिक्षकांचा वाटा मोठा आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. एकही दुधाचा दात न पडता ती उगवते, म्हणून घरी तिला दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष होते. पहिली-दुसरीच्या वर्गात आपण ही एक दाढ ओळखायला शिकवली, तर पुढच्या शिबिरात ती काढावी न लागता भरता येईल.