हुंझा खोऱ्याची आरोग्यकथा : एका आहारविषयक समजुतीचा इतिहास

प्रस्तावना

वनस्पतिजन्य आहाराने माणूस निरोगी आणि दीर्घायुषी होतो, या विधानाच्या समर्थनार्थ विसाव्या शतकात जी उदाहरणे वारंवार दिली गेली, त्यांत काराकोरम पर्वतरांगांतील हुंझा खोऱ्याचे उदाहरण अग्रभागी होते. १८९१ च्या लष्करी मोहिमेनंतर ब्रिटिशांच्या प्रभावाखाली आलेले, १९४७ नंतर पाकिस्तानात सामील झालेले आणि १९७४ मध्ये विसर्जित झालेले हे एक छोटे संस्थान. तेथील लोक धान्य, भाजीपाला आणि जर्दाळू यांवर जगतात, त्यांना कर्करोग होत नाही आणि ते १२० ते १४० वर्षे जगतात, असे पाश्चात्त्य वाचकांना अनेक दशके सांगितले गेले. ही समजूत एका प्रामाणिक संशोधकाच्या निरीक्षणांतून निर्माण झाली, आणि म्हणूनच तिचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

मॅककॅरिसन यांची निरीक्षणे

रॉबर्ट मॅककॅरिसन (१८७८-१९६०) हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर १९०१ मध्ये भारतात आले. १९०४ पासून सुमारे सात वर्षे ते गिलगिट एजन्सीचे शल्यचिकित्सक होते. १९२१ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हिमालयातील आपल्या वास्तव्याचा दाखला दिला. तेथील साध्या आहारावर जगणाऱ्या लोकांत जठरव्रण, आंत्रपुच्छदाह, कर्करोग यांसारखे विकार आढळले नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्या आहाराचे वर्णन करताना त्यांनी धान्य, फळे व भाज्या यांच्याबरोबर दूध आणि अंडी यांचाही उल्लेख केला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या विधानाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गिलगिट येथे मुक्काम असलेल्या एकट्या डॉक्टरकडे कोण येत होते आणि कोण येऊ शकत नव्हते, याची मोजदाद झालेली नव्हती. शस्त्रक्रियेची सोय अपुरी आणि शवविच्छेदनाची प्रथा नाही अशा प्रदेशात पोटातील कर्करोग 'आढळला नाही' म्हणजे तो 'नव्हता' असे होत नाही. त्याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. ज्या संशोधनाने मॅककॅरिसन यांना वैद्यकीय जगतात प्रथम नाव मिळाले, ते गिलगिट आणि चित्रळ भागातील गलगंड व त्याच्याशी निगडित शारीरिक-बौद्धिक खुरटेपण यांविषयीचे होते. त्याच डोंगराळ प्रदेशातील, त्याच लेखणीने नोंदवलेला हा विकार आरोग्यकथेत मात्र कोठेही शिरला नाही.

कुन्नूर येथील प्रयोग

पुढे निलगिरीतील कुन्नूर येथे मॅककॅरिसन यांनी पोषणविषयक संशोधन उभे केले. या प्रयोगशाळेतूनच हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आकाराला आली. शीख, पठाण, मराठा, कानडी, बंगाली, मद्रासी अशा भारतातील विविध समाजांच्या प्रचलित आहारांवर पांढऱ्या उंदरांचे गट वाढवून त्यांनी तुलना केली. शीख पद्धतीच्या आहारावरील उंदरांची वाढ सर्वोत्तम झाली, तर सडलेल्या तांदळावर आधारित मद्रासी आहारावरील उंदरांची सर्वांत कमी. प्रयोगशाळेत हजाराहून अधिक उंदीर शीख धर्तीच्या आहारावर सव्वादोन वर्षे जवळजवळ निरोगी राहिल्याचे त्यांनी नोंदविले.

हे काम मोलाचे होते. तांदूळ किती सडावा, कोंडा टाकावा की ठेवावा, यासारखे व्यावहारिक प्रश्न त्यातून पुढे आले. परंतु त्या यशस्वी उंदरांच्या ताटात काय होते? कोंड्यासह गव्हाची चपाती, मोड आलेली कडधान्ये आणि कच्च्या भाज्या होत्याच. त्यांच्या जोडीला लोणी होते, दूध होते आणि आठवड्यातून एकदा थोडे मांसही होते. हा प्रयोग शाकाहाराची परीक्षा घेणारा नव्हता. तो हुंझा आहाराचा तर मुळीच नव्हता, आणि उंदरांवरून माणसाच्या आयुर्मर्यादेविषयी काही सिद्ध होणारही नव्हते.

ग्रंथांवरून ग्रंथ

इंग्लंडमधील डॉक्टर जी. टी. रेंच यांनी १९३८ मध्ये 'द व्हील ऑफ हेल्थ' या पुस्तकात गिलगिटची निरीक्षणे व कुन्नूरचे प्रयोग एकत्र गुंफले. सेंद्रिय शेतीचे अमेरिकन प्रचारक जे. आय. रोडेल यांनी १९४८ मध्ये 'द हेल्दी हुंझाज' लिहिले. तेही प्रत्यक्ष भेटीवर नव्हे तर इतरांच्या लेखनावर आधारित होते. १९३३ मधील 'लॉस्ट होरायझन' या कादंबरीतील शांग्रिलाची कल्पना वाचकांच्या मनात ताजी होतीच. १९६० च्या दशकात रेने टेलर प्रभृतींची पुस्तके येईपर्यंत 'काही विकार आढळले नाहीत' याचे रूपांतर 'रोगच नाहीत' यात झाले होते. (रोडेल १९७१ मध्ये एका दूरदर्शन कार्यक्रमाच्या चित्रीकरणावेळी वयाच्या ७२ व्या वर्षी हृदयविकाराने निधन पावले. विरोधक हा प्रसंग चवीने सांगतात. पण एका माणसाच्या मृत्यूने आहारपद्धती खोटी ठरत नाही, जशी एका वृद्धाच्या दीर्घायुष्याने ती खरी ठरत नाही.)

खोऱ्यातील वास्तव

अमेरिकन भूशास्त्रज्ञ जॉन क्लार्क १९५० च्या सुमारास वीस महिने हुंझात राहिले. तेथे त्यांनी दवाखाना चालविला. १९५६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिले की वीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या या प्रदेशात त्यांनी साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार केले. हिवताप, आमांश, जंत, खुपऱ्या आणि त्वचारोग हे तेथील नित्याचे आजार होते. उतारावरील पायऱ्यांची शेती लहान, गुरांसाठी कुरणे अपुरी. त्यामुळे मांस क्वचितच मिळे आणि जवाचे नवे पीक हाती येण्यापूर्वी वसंत ऋतूत धान्याचे कोठार रिकामे होई. ज्याला पाश्चात्त्य वाचकाने संयमी शाकाहार मानले, तो पुष्कळ अंशी टंचाईचा आहार होता. उपासमारीला आहारशास्त्र समजण्याची ही चूक गंभीर म्हणावी लागेल.

वयाच्या दाव्यांना तर पुरावाच नव्हता. जन्मनोंदीची व्यवस्था नव्हती आणि बुरुशास्की भाषेला लेखनपरंपरा नव्हती. हार्वर्डचे डॉक्टर अलेक्झांडर लीफ यांनी हुंझा, कॉकेशस आणि इक्वेडोरमधील विल्काबांबा येथील वृद्धांविषयी १९७३ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक' मासिकात आस्थेने लिहिले. विल्काबांबात मात्र चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी होत्या. त्या दशकाच्या अखेरीस त्या तपासल्या गेल्या, तेव्हा शंभरी ओलांडल्याचे सांगणारे एकही वय खरे ठरले नाही. हुंझात खोटे पकडले गेले नाही, कारण तपासण्यासारखा कागदच नव्हता.

दाव्याची किंमत

ही कथा केवळ रंजक राहिली असती तर तिची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. जर्दाळूच्या बियांमुळे हुंझा लोक कर्करोगमुक्त आहेत, असे सांगून अमेरिकेत 'लेट्रिल' हा पदार्थ 'जीवनसत्त्व ब-१७' या नावाने विकला गेला. ते जीवनसत्त्व नव्हते. शरीरात त्यातून सायनाइड सुटते. हजारो रुग्ण नेहमीचे उपचार सोडून त्यामागे गेले. १९८२ मध्ये मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने १७८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात कोणालाही ठोस लाभ दिसला नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइडचे प्रमाण विषारी पातळीजवळ पोहोचले होते.

रोडेल यांचे पुस्तक निघाले त्याच १९४८ साली जीवनसत्त्व ब-१२ प्रथमच शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. वनस्पतींत ते विश्वासार्ह प्रमाणात नसते. दूध, अंडी वा मांस यांतून ते मिळते, आणि हे पदार्थ संपूर्णपणे वर्ज्य करणाऱ्यास ते वेगळे घ्यावे लागते. पुण्यातील ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत हे जीवनसत्त्व कमी आढळले. सर्वाधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात होती.