मसल कारच्या जुन्या इंजिनाचे मूल्यमापन

मसल कार म्हणजे १९६० च्या दशकात व १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झालेली, मोठे व्ही-८ इंजिन बसवलेली मोटारगाडी होय. १९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ ही या प्रकारातील आरंभीची प्रसिद्ध गाडी मानली जाते. अशा गाडीच्या वापरलेल्या इंजिनाचे मूल्य मुख्यतः तीन गोष्टींवरून ठरते : इंजिनाची ओळख, यांत्रिक स्थिती आणि मूळ गाडीशी असलेला संबंध.

ओळख

इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाचा क्रमांक असतो. हा क्रमांक साच्यातूनच उमटतो. त्यामुळे तो ब्लॉकचा प्रकार सांगतो, विशिष्ट इंजिन नव्हे. उदाहरणार्थ, शेवरलेचा ३९७००१० हा क्रमांक ३५० घनइंचाच्या असंख्य साध्या मोटारगाड्यांच्या व ट्रकच्या इंजिनांवरही आढळतो. त्यामुळे केवळ या क्रमांकावरून इंजिन दुर्मीळ ठरत नाही.

शेवरलेच्या ओतकामाच्या तारखेत महिना अक्षराने (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), त्यापुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा अंक दर्शवला जातो. 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च १९६९; मात्र वर्षाचा एकच अंक असल्याने ते १९७९ देखील असू शकते. ही शंका दूर करण्यासाठी इतर खुणा पाहाव्या लागतात.

उजवीकडील सिलिंडर हेडच्या पुढच्या बाजूस ब्लॉकवर जुळणीचा सांकेतिक क्रमांक ठोकलेला असतो. 'व्ही०३१८' म्हणजे फ्लिंट येथील कारखान्यात १८ मार्चला जुळणी झालेले इंजिन. त्यापुढील अक्षरे अश्वशक्ती व गिअरबॉक्सचा प्रकार सूचित करतात. ओतकाम, इंजिनाची जुळणी आणि गाडीची निर्मिती या तारखा याच क्रमाने आल्या पाहिजेत.

जुळते क्रमांक

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक इंजिनांवर गाडीच्या ओळख क्रमांकाचा काही भागही ठोकला जाऊ लागला. तो गाडीशी जुळल्यास इंजिन मूळचे मानले जाते. गाडीपासून विलग झालेल्या अशा इंजिनाला त्या गाडीच्या मालकाइतकी किंमत सहसा दुसरा ग्राहक देत नाही.

बनावट ठसे

किमतीतील या फरकामुळे जुने क्रमांक घासून नवे ठोकण्याचे प्रकार घडतात. कारखान्यातील यंत्रकामामुळे ब्लॉकच्या सपाट पृष्ठभागावर बारीक समांतर रेषा उमटतात. क्रमांकाच्या जागी त्या नसल्यास संशय घेतला जातो. तथापि दुरुस्तीच्या वेळी पृष्ठभाग प्रामाणिकपणे सपाट केल्यानेही त्या नाहीशा होतात. म्हणून रेषांचा अभाव हा एकटा फसवणुकीचा पुरावा ठरत नाही.

यांत्रिक स्थिती

चालू इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. उघडलेल्या इंजिनात ब्लॉक व हेडला गेलेले तडे आणि सिलिंडरची झीज तपासतात. सिलिंडर ०.०३० इंचाने (०.७६ मिमी) रुंदावणे ही नेहमीची दुरुस्ती आहे, ०.०६० इंचापर्यंत (१.५२ मिमी) रुंदावलेल्या ब्लॉकमध्ये पुढील दुरुस्तीस फारसा वाव उरत नाही.

अश्वशक्तीचे जुने आकडेही सावधपणे वाचावे लागतात. १९७२ पर्यंत अमेरिकी कंपन्यांनी स्थूल अश्वशक्तीऐवजी निव्वळ अश्वशक्ती देण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे त्याआधीचे व नंतरचे आकडे परस्परांशी थेट तुलनीय नाहीत.